आईचे चौदा चौकोन

स्लेट ब्रांच, केंटकी
२ मार्च १९५९

लव्हिना,

आईच्या गोधडीचा वरचा थर पार्सलने पाठवला आहे. बेचाळीस चौकोन आहेत. अठ्ठावीस जोडलेले, चौदा सुटे. नक्षी 'दारुड्याची वाट'. ही गोधडी तुझ्यासाठी, असं आई टेनी मावशीसमोर दोनदा म्हणाली होती, म्हणून पाठवते. नाहीतर पाठवली नसती.

तुझ्यासाठी हीच नक्षी का काढली, ते मला विचारू नकोस. जुन्या बायका म्हणतात, या गोधडीखाली झोपणाऱ्याचा पाय घरात ठरत नाही. तुझा आधीच ठरत नव्हता.

दफनाच्या दिवशी तू म्हणालीस, "मला तिच्या हातचं काहीतरी दे." दिलं. अस्तर आणि कापूस तुझा तू बघ.

पोचल्याचं कळव.

ऑर्फा


डेटन, ओहायो
११ मार्च १९५९

ऑर्फा,

पार्सल पोचलं. टोमणाही पोचला. तो सगळ्यात वर ठेवला होतास, त्यामुळे आधी तोच हाताला लागला.

जेवणाच्या टेबलावर गोधडी पसरली. जोडलेला भाग बघून आमची ग्लेंडा म्हणाली, "आजीने हे हाताने केलं? मशीन नाही?" मला बरं वाटलं. मग सुटे चौदा चौकोन खाली मांडले आणि माझं तोंडच उतरलं. प्रत्येक चौकोनात सोळा तुकडे, प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात रंगीत पाव गोल. ते ठरल्या बाजूला वळवले की झोकांड्या खात जाणारी वाट दिसते. या चौदांत वाट कुठे आहे? कुठे तुकडा उलटा, कुठे आडवा. एका चौकोनात तर सतरा तुकडे कोंबले आहेत. आईचं वय झालं होतं हे मला कळतं. पण तिच्या शेजारी बसणाऱ्या माणसाने एकदा तरी डोळे उघडून बघायचं. की तुलाही आता चष्मा लागतो?

असो. मी दुरुस्त करते आहे. नऊ चौकोन उसवून पुन्हा शिवले, उरलेले पाच या आठवड्यात होतील. ग्लेंडाचं लग्न वीस जूनला आहे. माझी होणारी विहीण तिच्या चर्चच्या शिवण-मंडळाची पुढारी आहे, कुठे धाग्याचं टोक दिसलं तरी तिच्या भुवया वर जातात. तिच्यासमोर आईचं हसू व्हायला नको.

पिठाच्या पोत्याचं ते निळ्या फुलांचं कापड उरलं असेल तर थोडं पाठव.

लव्हिना


स्लेट ब्रांच
१६ मार्च १९५९

लव्हिना,

हात थांबव. हे वाचत असशील तिथून ऊठ आणि कात्री पेटीत टाक.

नऊ! विचारायचं तरी होतंस. आई जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि तू तिचे टाके उपटत बसलीस, त्या कोण विहीणबाई आहेत त्यांच्या भुवया जागेवर राहाव्यात म्हणून. माणसाचा हात गेला, मागे त्याचं लिहिलेलं राहिलं, तर ते अक्षर वाईट आहे म्हणून कुणी खोडून पुन्हा लिहितं का?

ते नऊ होते तसे परत शिव. उरलेल्या पाचांना हात लावलास तर मी डेटनला येईन. मी हॅझर्ड गावाच्या पुढे कधी गेलेले नाही, पण येईन.

माझ्या डोळ्यांची काळजी करू नकोस. मला इथून पलीकडच्या डोंगरावरची गाय कुणाची आहे ते ओळखू येतं. तिच्या शेजारी मी काय बघत होते आणि काय नाही, ते तुला अडीचशे मैलांवरून कळायचं नाही. डेटनला बसून शेळ्या हाकू नकोस.

कापड नाही.

ऑर्फा


डेटन
२९ मार्च १९५९, ईस्टर

ऑर्फा,

होते तसे परत शिवता येणार नाहीत. कोणता तुकडा कुठे होता ते मी लिहून ठेवलं नव्हतं. चूक कुणी लिहून ठेवतं का?

पण तुझ्या पत्रामुळे एक झालं. मी उरलेले चौकोन उसवायच्या ऐवजी नीट बघायला लागले. आता तू बस, आणि मी सांगते ते ऐक.

आईला चिंध्या मी पाठवायचे, आठवतं? ग्लेंडाचा फ्रॉक शिवला की उरलेलं कापड, तिच्या बापाचा, डॉइलचा, शर्ट फाटला की त्याची पाठ. कोणतं कापड कधी पाठवलं ते मला पाठ आहे. ती पिवळी चौकडी ग्लेंडाच्या ईस्टरच्या फ्रॉकची, एकोणीसशे सत्तावन्न. आज बरोबर दोन वर्षं झाली. ज्या पहिल्या चौकोनात वाट मोडली, त्यात ती पिवळी चौकडी आहे. म्हणजे आई जानेवारीत गेली, पण दोन वर्षं आधीपासूनच ती नीट नव्हती. या दोन वर्षांत मला तुझी बावीस पत्रं आली. मी काल मोजली. प्रत्येकात 'आई बरी आहे'.

आणखी ऐक. पिवळ्या चौकडीच्या आधीचे आठ चौकोन, जोडलेल्या भागाच्या शेवटचे. ते दिसायला सुरेख आहेत. पण उलटे करून खिडकीशी धरले तर सुईची भोकं दुप्पट आहेत. ते दोनदा शिवले आहेत. आणि दुसऱ्यांदा आईने शिवलेले नाहीत. आई सरळ धावदोरा घालायची. दर पाचव्या टाक्याला एक उलटा टाका घालायची सवय आपल्या घरात एकाच बाईला आहे.

मला कात्री टाकायला सांगतेस? तूच तिचे टाके उसवत होतीस. तुला सगळं दिसत होतं. आणि तू मला लिहीत होतीस, आई बरी आहे, कोंबड्या बऱ्या आहेत, बटाटे काढले.

आधी आठ नीट केलेस आणि मग एकाएकी सोडून दिलेस. का? कंटाळा आला?

लव्हिना


स्लेट ब्रांच
४ एप्रिल १९५९

लव्हिना,

हो, मी उसवत होते. कंटाळा मला कधी आलेला नाही, तो डेटनच्या लोकांना येतो.

छप्पन्नच्या पानगळीत सुरुवात झाली. आधी एखादा तुकडा फिरायचा. मला वाटलं, डोळे. जेवण झालं की ती तासभर पडायची, तेवढ्यात मी चौकोन उसवून नीट करून परत तिच्या टोपलीत ठेवायचे. उठली की तो हातात घ्यायची, न्याहाळायची, आणि खूश व्हायची. म्हणायची, "अजून हात चालतो गं म्हातारीचा." त्यासाठी मी करत होते. कुणा विहिणीसाठी नाही.

मग ईस्टरनंतर एका दुपारी ती लवकर उठली. मी दाराकडे पाठ करून बसले होते. मागून म्हणाली, "ते माझं आहे ना?"

मी म्हटलं, "हो आई, इथे जरा एक तुकडा फिरला होता."

ती माझ्या समोर येऊन बसली. चौकोन घेतला, उलटा केला, बोटाने भोकं चाचपली. तिला कळायचं ते कळलं. मला म्हणाली, "म्हणजे सगळे तूच करत होतीस? मला वाटलं, मला अजून येतंय."

मग ती रडली. बाबा खाणीत मेले तेव्हा ती रडली नव्हती, तू ऐकलं असशील. त्या दिवशी चुलीशी बसून रडली. संध्याकाळी मी बायबलवर हात ठेवून सांगितलं की यापुढे तुझ्या एका टाक्याला मी हात लावणार नाही. तिने पुन्हा शिवायला घेतलं. चुकत होती, ते तिलाही माहीत होतं, मलाही. दोन वर्षांत चौदा झाले. एकेक चौकोन म्हणजे दीड-दीड महिना. मी शेजारी बसून शेंगा सोलायचे आणि दातावर दात धरून गप्प राहायचे. तुला माहीत आहे, गप्प राहणं मला जमत नाही.

ते चौदा चौकोन तेवढेच त्या दिवसांतले खरे तिचे होते. त्यातले नऊ तू खाल्लेस.

आणि मला जाब विचारायला तू कोण? पंचावन्नच्या ऑगस्टमध्ये तू आलीस, चार दिवस राहिलीस, त्यातले दोन दिवस डोकं दुखतंय म्हणून झोपून काढलेस. त्यानंतर तुझं तोंड दिसलं ते दफनाला.

ऑर्फा


डेटन
१२ एप्रिल १९५९

ऑर्फा,

मी का आले नाही, ते तुझ्याच अक्षरात तुला पाठवते. अठ्ठावन्नचा मार्च महिना:

"रस्ता दोन ठिकाणी वाहून गेला आहे. बस वरच्या फाट्यापर्यंतच येते. आई छान आहे, खाते-पिते, तुझी आठवण काढते. एवढा खर्च करून यायचं कारण नाही. शेतीची कामं उरकली की मीच कळवीन, तेव्हा ये."

हे लिहिलंस तेव्हा मी तिकीट काढलेलं होतं. पेटी भरलेली होती. डॉइलने सुटी मागून घेतली होती. तुझं पत्र वाचलं आणि तिकीट परत केलं. त्यानंतर 'मीच कळवीन' म्हणणाऱ्या बाईने कळवलं ते तारेने, आई गेल्यावर.

मी गेल्या महिन्यात आमच्या पोस्टात स्लेट ब्रांचच्या एका माणसाला भेटले. लोव्हेल नावाचा, इथे कारखान्यात लागलाय. त्याला सहज विचारलं, गेल्या वर्षी मार्चमध्ये रस्ता फार वाहून गेला होता का? तो म्हणाला, "मी तर त्या मार्चमध्येच सामान ट्रकमध्ये भरून इकडे आलो, बाई. रस्ता उत्तम होता."

आई बरी आहे, हे खोटं मी एक वेळ समजू शकते. लोक काळजी नको म्हणून लिहितात. पण रस्त्याचं खोटं? मी येऊच नये म्हणून तू डोंगर ढासळवलास. का? मला फक्त एवढंच उत्तर हवं. कोंबड्या कशा आहेत ते लिहू नकोस.

लव्हिना


स्लेट ब्रांच
१ जून १९५९

लव्हिना,

सात आठवडे तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. आता आहे.

शनिवारी कबरी सजवायचा दिवस होता. सकाळी आम्ही सगळे वर जाऊन गवत काढून आलो. दुपारी मी घरी होते. अडीचच्या सुमारास एक हिरवी गाडी माझ्या फाटकापाशी येऊन हळू झाली. चालवणारा डॉइल होता. तू माझ्या घराकडच्या खिडकीशी बसली होतीस. तू घराकडे बघितलंस, मी ओसरीत उभी होते, आणि गाडी पुढे गेली. टेनी मावशी तेव्हा वर तिच्या नवऱ्याच्या कबरीशी होती. तिने सांगितलं, तू आईच्या कबरीवर मेणाचे गुलाब ठेवलेस, अर्धा तास बसलीस, आणि परत जाताना डोंगरामागच्या रस्त्याने गेलीस. चार मैलांचा वळसा. मावशी म्हणाली, "पोरगी रस्ता चुकली वाटतं." मी म्हटलं, "हो, तिला सवय आहे."

त्या दिवशी चुलीवर घेवडा होता, मक्याचा पाव होता. दोन ताटं मांडलेली होती. तुझ्यासाठी नव्हे. मला दोन मांडायची सवय लागलेली आहे.

तुला 'का' हवं आहे ना? घे.

सत्तावन्नच्या नोव्हेंबरात एका सकाळी मी तिला उठवायला गेले. ती हसली. लव्हिना, माझ्याकडे बघून ती तशी कधी हसली नव्हती. म्हणाली, "लव्हिना, तू आलीस!"

मी म्हटलं, "आई, मी ऑर्फा."

तिचा चेहरा पडला. "ऑर्फा बाहेर गेलीये ना?" म्हणाली, आणि दाराकडे बघायला लागली. न्याहारी केली नाही. दुपारी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "लव्हिना, तू आलीस!" मी म्हटलं, "हो आई, आले." तिने दोन वाट्या लापशी खाल्ली.

त्यानंतर चौदा महिने मी लव्हिना होते. या घरात ऑर्फा म्हणून मला हाक मारणारी एक टेनी मावशी, आणि तीही आईसमोर मारायची नाही. तू त्या मार्चमध्ये आली असतीस तर दारात खरी लव्हिना उभी राहिली असती. मग मी कोण उरले असते? जी बाहेर गेलीये ती. म्हणून रस्ता वाहून गेला.

आता तुला कळलं. आता फाटकावरून जाताना गाडी हळू करायचीसुद्धा गरज नाही.

ऑर्फा


डेटन
२४ जून १९५९

ऑर्फा,

ग्लेंडाचं लग्न झालं. गोधडी झाली नव्हती. विहिणीने स्वतःची दिली.

त्या शनिवारी मी डॉइलला म्हणाले, "थांबू नकोस." मी उतरले असते तर तुझ्यावर हात टाकला असता, आणि मला तो कबरी सजवायच्या दिवशी टाकायचा नव्हता.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला वाटलं होतं तू आळशी आहेस, किंवा लोकांच्या बोलण्याला भ्यालीस. तू चोर निघालीस. चौदा महिने आई माझ्याशी बोलत होती आणि ते तू ऐकलंस. ते माझ्यासाठी होतं. भांडी, घर, कोंबड्या, खालचं शेत, सगळं ठेव. ते बोलणं परत दे. ती मला काय म्हणाली, शब्दन् शब्द लिहून पाठव.

लव्हिना


स्लेट ब्रांच
३ जुलै १९५९

नाही.

ऑर्फा


डेटन
१५ ऑगस्ट १९५९

ऑर्फा,

उरलेले पाच चौकोन मी अजून उसवलेले नाहीत. ते माझ्या टेबलावर आहेत. त्यातला एक तो सतरा तुकड्यांचा.

पंधरा सप्टेंबरपर्यंत तुझं पत्र आलं नाही, तर सोळाला सकाळी मी ते पाचही उसवीन आणि असे शिवीन की त्यात आई शोधून सापडणार नाही. मी नऊ केलेत. पाच म्हणजे दोन दिवसांचं काम.

लव्हिना


स्लेट ब्रांच
८ सप्टेंबर १९५९

लव्हिना,

टेनी मावशीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दोघी एकाच कुऱ्हाडीच्या पाती आहात. दे तिला काय हवंय ते, नाहीतर मीच येऊन दोघींना बदडते." ती ब्याऐंशी वर्षांची आहे, पण मी तिचं ऐकते.

बरंचसं सांगण्यासारखं नव्हतंच. 'लव्हिना, पाऊस येईल का', 'लव्हिना, गाय बांधली का'. तुला इथून जाऊन वीस वर्षं झाली हे तिला ठाऊक नव्हतं. ग्लेंडाचं नाव कधी यायचं, कधी नाही. पण दोन गोष्टी आहेत.

पहिली. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती ओसरीत शिवत होती. सुई थांबवून म्हणाली, "लव्हिना, त्या रात्री तुझ्या बापाने तुला दाराबाहेर काढलं, तेव्हा मी चुलीशी उभी होते. मी एक शब्द बोलले नाही. मी बोलायला हवं होतं. तू मनात धरलंयस का?"

मी म्हटलं, "नाही आई. ते केव्हाच गेलं."

तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "खरंच ना?" मी म्हटलं, "खरंच." मग ती पुन्हा शिवायला लागली. तो सतरा तुकड्यांचा चौकोन त्या दिवशीचा आहे.

दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, मावशीलाही नाही. ऑक्टोबरात आई एकदा दुपारी निसटली. मी तिला ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी असलेली पाहिली. पाणी बर्फासारखं. मी तिला ओढून बाहेर आणलं आणि तिचे दंड धरून हलवलं. एकदा नाही. "मला मारायला निघालीस का तू?" असं ओरडत हलवत राहिले. तिचं डोकं झाडाच्या फांदीसारखं मागेपुढे होत होतं. दंडांवर माझी बोटं उमटली, ती आठवडाभर गेली नाहीत. तिला मी लांब बाह्यांचं घालायचे.

त्यानंतर एका संध्याकाळी ती मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाली, "लव्हिना, ऑर्फाला सांगू नकोस, पण मला तिची भीती वाटते. ती मला धरते. तू इथेच राहा."

मी म्हटलं, "राहीन."

हे तुझं होतं. मिळालं.

ऑर्फा


डेटन
२७ सप्टेंबर १९५९

ऑर्फा,

तू माझ्या वतीने माफ केलंस. तुला कुणी सांगितलं होतं? वीस वर्षं मी त्या चुलीशी उभ्या असलेल्या बाईशी मनात भांडत होते. मी तिला माफ केलं असतं की नाही, मला माहीत नाही. आता कधीच कळणार नाही. ते तू एका 'नाही आई'त उरकून टाकलंस.

पण तिला उत्तर मिळालं. मी त्या ओसरीत असते तर कदाचित गप्प राहिले असते. मी तिचीच पोर.

दुसऱ्या गोष्टीबद्दल. मी लिहिणार होते, की तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. ते वाक्य लिहून मी खोडलं. मी तुझ्या जागी नव्हते, मग मला ते लिहायचा हक्क नाही. आणि खरं सांगायचं तर त्या मार्चमध्ये तुझं रस्त्याचं पत्र आलं तेव्हा डॉइल चिडला होता, मी नाही. मी पेटी रिकामी केली, आणि मला हलकं वाटलं. हे त्यालाही माहीत नाही.

गोधडीचं सांगते. मी दुरुस्त केलेले नऊ आता तसेच राहतील. मुद्दाम चुकीचे शिवले तर ते आणखी एक खोटं होईल. ते पाच आहेत तसे जोडले, सगळ्यात खालच्या ओळीत. वरचा थर पुरा झाला. अस्तर आणि कापूस घेतला आहे. पण इथे माझ्याकडे गोधडी ताणून धरणारी, आढ्याला टांगायची चौकट नाही आणि एवढी मोठी गोधडी मांडीवर शिवता येत नाही.

दहा ऑक्टोबरला, शनिवारी, मी बसने येते. चौकट खाली उतरवून ठेव. समजूत घालायला येत नाहीये. भांडी घासून ठेवायला सांगू नकोस, मिठी मारू नकोस.

लव्हिना


स्लेट ब्रांच
९ नोव्हेंबर १९५९

लव्हिना,

गोधडी आजच्या टपालाने निघाली. कडा मी घातल्या. तू गेलीस तेव्हा चार हात शिवायचं राहिलं होतं, त्यात टेनी मावशीने हातभार लावला. तिचे टाके कोपऱ्यात आहेत, डुलक्या घेत घातलेले.

मावशी विचारत होती, सहा दिवस दोघी समोरासमोर बसून काय बोललात? मी सांगितलं, पहिले दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी दोऱ्यावरून भांडलो, चौथ्या दिवशी तू खुर्ची सरकवून म्हणालीस, "ती कशी म्हणाली ते तिच्यासारखं म्हणून दाखव." मावशीने विचारलं, "मग तू दाखवलंस?" मी म्हटलं, "दाखवलं." मावशीने नाक शिंकरलं आणि सुई ओवून द्यायला सांगितली.

तू ओढ्याशी एकटी गेली होतीस ते मला खिडकीतून दिसलं. परत आलीस तेव्हा तुझे बूट भिजलेले होते. तू चुलीजवळ ठेवलेस, ते मी उलटे करून ठेवले, बस्स.

बसच्या फाट्यावर तू म्हणालीस, "मी तुला माफ केलेलं नाही." मी म्हटलं, "मी मागितलेली नाही." बसवाला आपल्याकडे बघत होता. मग तू पायरीवर चढलीस आणि दार बंद होता होता ओरडलीस, "ऑर्फा, तुझा घेवडा खारट असतो!" माझं नाव घेऊन कुणी मोठ्याने ओरडल्याला दोन वर्षं झाली होती. मी फाट्यावर थोडी उभी राहिले.

आता एक सांगायचं राहिलं. तू स्वतः शोधून काढून मला पत्र लिहिण्यापेक्षा मीच सांगते.

तुझे टाके मोठे आहेत. माझे बोटभर जागेत नऊ बसतात, तुझे पाच. तू ज्या बाजूला बसली होतीस ती बाजू कोंबडी चिखलातून गेल्यासारखी दिसते. तू गेल्यावर मी तीन दिवस त्या बाजूकडे पाठ करून शिवत होते. चौथ्या दिवशी राहवलं नाही. एक ओळ उसवली आणि माझ्या हाताने घातली. नीट, बारीक. मग बाकीच्या तुझ्या ओळींकडे बघितलं आणि मला स्वतःची लाज वाटली. ती पुन्हा उसवून तुझ्यासारखी घालायला बसले. दोनदा प्रयत्न केला. इतकं वाकडं मला जमेना.

म्हणून तुझ्या बाजूची एक ओळ सरळ आहे. कोणती ते सांगत नाही. तुझी तू शोध, आणि सापडली तर वाटेल ते कर.

ऑर्फा